बाबांचा प्रसिद्ध पॉज

३ फेब्रुवारी

धाकट्या,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एक वाक्य सुरू केलं की तू मध्येच तोडतोस, आणि मग "ताई, मी जरा रेकॉर्डिंगमध्ये आहे." शिवाय आईबाबांकडे गेले की फोन दिवाणखान्यात आणि आई कान टवकारून शेजारी. म्हणून कागदावर लिहिते. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

सरळ सांगते. मंगळवारी बाबांनी आईला गॅलरीत कोंडलं. घरातून दाराला कडी लावली आणि पेपर उघडून बसले. आई पहाटेपासून त्या थंडीत, अनवाणी. हाकासुद्धा मारल्या नाहीत तिने, शेजाऱ्यांना कळेल म्हणून. खालच्या सलूनवाल्याने सहज वर पाहिलं तेव्हा धावत आला. बाबांनी अगदी अदबीने दार उघडलं आणि त्याला म्हणाले, "बरं झालं आलात. रंगपटात कुणी परकी बाई शिरली होती, तिला बाहेर काढलीय." आणि आपली आई काय म्हणाली? "मी हवा खात होते." ओठ निळे पडलेले, आणि म्हणे हवा खात होते!

गेल्या वर्षी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हटलं तेव्हा तू म्हणालास, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ. घेतलंस का? मीही तेव्हा सोडून दिलं. आता सोडणार नाही.

पोहण्याच्या तलावामागे अशा माणसांसाठी दिवसाचं केंद्र आहे. सकाळी त्यांची गाडी येते, संध्याकाळी घरी सोडते. मी दुकानातून अर्धी सुट्टी काढून पाहून आले. एक आजोबा मोज्यांच्या जोड्या लावत होते, एक बाई नर्सचा हात धरून सगळ्या खोलीभर फिरत होती. कुणी कुणाला ओरडत नव्हतं. बाबांना तिथे घेतलं तर आईला दिवसा झोपता येईल. तिला दुसरं काही नको आहे रे, झोप हवी आहे. चालताना भिंतीला हात लावून चालते हल्ली. विचारलं तर म्हणते चप्पल घसरते.

अर्जावर सगळ्या मुलांची सही लागते. पूर्वी कुणाच्या तरी घरी भांडण झालं म्हणून हा नियम. मग त्यांची तपासणीस बाई घरी येऊन बाबांशी बोलेल आणि ठरवेल. अर्ज सोबत आहे. खाली डावीकडे सही कर आणि उलट टपाली पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

ताई

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून आधी घाबरलोच. मग रविवारी बाबांना नेहमीप्रमाणे फोन केला आणि जीव भांड्यात पडला.

अगं, ते तर ठणठणीत आहेत! मी मुद्दाम आडवळणाने परीक्षा घेतली. माझ्या मुलीची इयत्ता विचारली, बरोबर सांगितली. माझ्या नव्या स्टुडिओबद्दल विचारलं, तर म्हणाले, "भिंतींना कापूस लावून झाला का?" मी हे त्यांना मागच्या महिन्यात सांगितलं होतं. आणि काय तो पॉज, ताई! प्रश्न विचारल्यावर ते जे थांबतात ना, श्वास रोखून, आणि मग शब्द असा अलगद ठेवतात. त्या पॉजवर अख्खं थिएटर खुर्चीच्या कडेवर यायचं. आजही तसाच आहे. मी तर त्यांचे सगळे फोन रेकॉर्ड करून ठेवतो. पुढे मुलीला ऐकवीन, म्हणीन, बघ, असा असतो नट.

माझं पोटच कानावर चालतं. आवाजात खोट असली तर मला पहिल्या अक्षराला कळतं. बाबांच्या आवाजात ती नाही.

गॅलरीचं म्हणशील तर कडी चुकून पडली असेल. सलूनवाल्याला तिखटमीठ लावायची सवयच आहे. नाटकातल्या माणसाने गंमत केली आणि तुम्ही ती खरी धरलीत.

आणि ते केंद्र! ज्या माणसाने राजे उभे केले, त्याला मोज्यांच्या जोड्या लावायला बसवायचं? म्हाताऱ्यांचं पाळणाघरच ना ते? माझा हात सही करायला धजत नाही. तू दमली आहेस. चार दिवस आमच्याकडे ये. तुझ्या गुडघ्यालाही आराम पडेल.

तुझा धाकटा

२० फेब्रुवारी

कानवाल्या,

चार दिवस तुझ्याकडे येते, आणि इथे तुझा कान ठेवून जाते का? तो आईला भिंतीऐवजी धरायला हात देईल का?

ऐक आता. त्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी जिन्यात होते. दार लोटलेलं. आत आले तर बाबा खुर्चीत, फोन कानाला, आणि आई त्यांच्या शेजारी जमिनीवर गुडघ्यांवर. तिचा कान फोनच्या दुसऱ्या बाजूला चिकटलेला. तू विचारलंस, ती ऐकते, बाबांच्या कानाशी वाक्य सोडते, बाबा ते बोलतात. "भिंतींना कापूस लावून झाला का?" हे वाक्य आईचं आहे, धाकट्या. तुझ्या मुलीची इयत्ताही आईचीच. बाबांनी फोन ठेवल्यावर आईला विचारलं, "हे गृहस्थ कोण होते? फार प्रेमाने बोलतात."

आई विंगेत कशी बसायची विसरलास? आपण दोघं तिच्या पायाशी, तिच्या मांडीवर संहिता. शब्द नटाला स्पष्ट ऐकू गेला पाहिजे आणि पहिल्या रांगेला कुजबुजसुद्धा कळता कामा नये. सगळ्या मंडळीत तिच्यासारखं प्रॉम्प्टिंग कुणाला जमायचं नाही. बाबा तर तालमीला धड पाठांतरही करायचे नाहीत, ती आहे म्हणून. ज्याला तू पॉज म्हणतोस ना, त्यात तिचं वाक्य पोचत असतं.

खोटं वाटतं तर पुढच्या रविवारी आईला सांग, दोन मिनिटं बाहेर जा. मग विचार बाबांना काय विचारायचं ते.

शनिवारी केंद्रात घरच्या माणसांची बैठक असते, तिथे जायला लागले आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या, पाणचट चहा आणि सगळ्यांचे चेहरे माझ्यासारखे. तिथे मला काही समजावून सांगावं लागत नाही. एका बस ड्रायव्हरची बायको अशीच आहे. तो म्हणाला, तपासणीला बाई येईल तेव्हा घर आवरू नका, माणसाला सजवू नका, आहे तसं दाखवा. सगळे हसले, कारण सगळ्यांनी आवरलं होतं.

सही कर.

ताई

२ मार्च

प्रिय ताई,

तू सांगितलंस तसं केलं. आईला म्हटलं, आई, बाबांशी जरा एकट्याने बोलायचंय, तू बाहेर जा. ती म्हणाली, "जाते हो." दार लागल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मग बाबांना विचारलं, आपण पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा माझं काय हरवलं होतं? ते थांबले. आणि म्हणाले, "तुझी लाल बादली. रडून गाव गोळा केलं होतंस."

आता बोल. लाल बादली, ताई! मलाच ती अर्धवट आठवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तुझ्यावर मी खोटेपणाचा आरोप करत नाही. पण दमलेल्या माणसाला भलतंसलतं दिसतं. आई बाबांच्या शेजारी बसली असेल, त्याचं तू हे केलंस.

तरी सही करून पाठवतो आहे. वाद नको. तपासणीस बाई त्रयस्थ आहे, शिकलेली आहे, ती सांगेल ते मी मान्य करीन. तूही कर.

धाकटा

१९ मार्च

धाकट्या,

तपासणी काल झाली. सगळं सांगते, म्हणजे नंतर मला कुणी काही विचारू नका.

आईला मी आठवडाभर बजावत होते. आवरू नकोस. बोलू नकोस. बाबांना हवं ते बोलू दे. ती मान डोलवायची. काल मी दुकानातून निघाले, मालकाने तोंड वाकडं केलं ते वेगळंच, आणि दार उघडलं तर घर लखलखीत. पडदे धुतलेले. बाबा दाढी करून, केस चोपून, तो करडा कोट घालून बसलेले. बक्षीस समारंभाला चाललेत जणू. मी आईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

बाई आल्या. चांगल्या होत्या, तरुण होत्या, घाईत नव्हत्या. बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. आणि आईने काय केलं? भाजी निवडायचं ताट घेतलं आणि बाईंच्या पाठीमागे, दाराच्या चौकटीत जाऊन बसली. बाबांच्या थेट नजरेसमोर. बाई विचारायच्या, "आज वार कोणता?" बाबा बाईंच्या खांद्यावरून पाहायचे, थांबायचे आणि सांगायचे. महिना, घराचा पत्ता, औषधं कुठे ठेवता, सगळं. आईचे नुसते ओठ हलत होते. आवाज शून्य. मी शेजारी बसून होते, धाकट्या, आणि मलाही ऐकू आलं नाही.

मी म्हणाले, "बाई, जरा मागे बघा." बाईंनी वळून पाहिलं. एक म्हातारी शेंगा निवडत होती. बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ना, ती मी जन्मभर विसरणार नाही.

शेवटी बाबांनी त्यांना एक लांबलचक स्वगत म्हणून दाखवलं. तेवढं मात्र त्यांचं स्वतःचं होतं, ते अजून शाबूत आहे. बाईंनी टाळ्या वाजवल्या. अहवाल तिथेच लिहिला. वयोमानाप्रमाणे किरकोळ विसर, मदतीची गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा.

त्या गेल्यावर मी आईवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "तुला झोप नको? तुला मरायचंय?" बाबा घाबरून कोपऱ्यात उभे राहिले. आई शांतपणे शेंगांची सालं गोळा करत म्हणाली, "परक्या माणसासमोर त्यांना पडू देऊ? त्यांचा चेहरा पाहिलायस तू, वाक्य आलं नाही की कसा होतो? मला नाही ते जमत." मग म्हणाली, "माझ्या हातून त्यांचं एकही वाक्य कधी पडलेलं नाही." अभिमानाने म्हणाली ती हे.

मी हात टेकले.

ताई

२८ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. राग येऊ देऊ नकोस, पण निकाल लागला ना आता? बाईंनी तोंडावर सांगितलं आणि तरी तू म्हणतेस त्या फसल्या. डॉक्टर बरोबर, कारण ते तुझ्यासारखं म्हणतात. बाई चूक, कारण त्या माझ्यासारखं म्हणतात.

आई सुखी आहे. बाबा मजेत आहेत. आजही फोनवर दोघं हसत होते. तू त्या शनिवारच्या बैठकींना जाऊन स्वतःचं डोकं फिरवून घेते आहेस. रोज जाणं तुला ओझं झालं असेल तर तसं मोकळेपणाने सांग, मी काही वाईट वाटून घेणार नाही. पण त्यासाठी बाबांना वेडं ठरवू नकोस.

सप्टेंबरात पुन्हा अर्ज करायचा असेल तर तेव्हा बघू.

धाकटा

१९ जुलै

ताई,

पत्ता घरचा आहे, वर पाहिलंच असशील. तू गेल्याला आता महिना होत आला. स्टेशनवर तू मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. "आता तुझी पाळी," एवढंच म्हणालीस आणि लेकीकडे निघून गेलीस. बरोबरच केलंस. आईच्या तेराव्याला तू माझ्याशी बोलली नाहीस तेही बरोबरच.

जिना अजून उतरवत नाही मला. सलूनवाला रोज नव्याने सांगतो. बाबा कोट घालून खाली निघाले, प्रयोगाला उशीर झाला म्हणत. आई मागून धावली, वरच्याच पायरीवरून पडली ती गेलीच. बाबा तिच्या अंगावरून परत वर आले आणि चहाची वाट बघत खुर्चीत बसले. तो सांगतो आणि मी ऐकतो. पूर्वी त्याला तिखटमीठ लावणारा म्हणालो होतो.

तू खरं लिहीत होतीस. नुसतं म्हणायला म्हणत नाही, ऐकून म्हणतो आहे. रविवारचे ते फोन मी रेकॉर्ड केले होते ना, यंत्र इथे आणलंय. बाबा दुपारी झोपले की हेडफोन लावून बसतो. पॉज वेगळे कापले. बाबांचा आवाज उतरवला, खालचा सगळा वर आणला. आधी नुसती खरखर. मग आई.

"इयत्ता चौथी." "भिंतींना कापूस लावून झाला का?" अगदी स्वच्छ, ताई, एकेक अक्षर. आणि तो दोन मार्चच्या आधीचा फोन. दार लागतं. मग अनवाणी पावलं परत येतात. मग ती म्हणते, "लाल बादली. रडून गाव गोळा केलं होतंस." समुद्रावरची बादली तिला आठवत होती. बाबा तर त्या सहलीला आलेच नव्हते, दौऱ्यावर होते, हे मला आता आठवतंय.

तिला धाप लागलेली ऐकू येते. प्रत्येक फोनमध्ये थोडी जास्त. जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या, तिच्या शेवटच्या फोनमध्ये दोन शब्दांच्या मध्ये तिला श्वास घ्यावा लागतो, आणि मी वरून हसत म्हणतोय, "वा बाबा, काय पॉज घेतलात!"

बाबा मला "व्यवस्थापक" म्हणतात. दिवसभर दाराच्या चौकटीकडे बघत बसतात. काही विचारलं की तिकडे बघून थांबतात. तिकडून काही येत नाही. मग त्यांचा चेहरा जो होतो, तो आता मीही पाहिलाय.

माझ्या नाकी नऊ आलेत. बायको विचारते कधी येणार, स्टुडिओतून रोज विचारणा. मला एकट्याला हे जमणार नाही. काय करू सांग.

धाकटा

३० जुलै

धाकट्या,

तुला आईचा आवाज ऐकायला यंत्र लागलं. मी तर साध्या कागदावर लिहून पाठवला होता.

तुझं सांत्वन मला करता येणार नाही, मागू नकोस. मी इथे लेकीच्या घरी दुपारी झोपते. आईला जी झोप मिळवून द्यायची होती ती मीच घेते आहे, आणि जाग आली की लाज वाटते. एवढंच माझं चाललंय.

काय करू विचारतोस म्हणून सांगते. शनिवारच्या बैठकीला जा. बाबांना तेवढा वेळ सलूनवाला बघेल, त्याला माणसं सांभाळायची सवय आहे. बस ड्रायव्हरच्या शेजारी बस आणि तोंड बंद ठेवून ऐक.

सप्टेंबरात अर्ज कर. तपासणीच्या दिवशी घर आवरू नकोस. बाबांची दाढी करू नकोस. कोट कपाटात कुलपात ठेव. बाबांच्या नजरेसमोर बसू नकोस, पाठीमागे बस. आणि काही झालं तरी ओठ हलवू नकोस. तुला सोपं वाटत असेल. तू आईचा मुलगा आहेस, तिच्या पायाशी बसून वाढलास. तुला जमेल असं मला वाटत नाही.

ताई

१६ सप्टेंबर

ताई,

जमलं.

त्याच बाई होत्या. आई कुठे आहे विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मार्चचा अहवाल काढून पुन्हा वाचला. त्यांना दोष देऊ नकोस.

बाबा वाढलेल्या दाढीत, सदऱ्यावर सकाळचं सांडलेलं. मी त्यांच्या पाठीमागे स्टुलावर. बाईंनी वार विचारला. बाबांनी चौकटीकडे पाहिलं. थांबले. मला वार माहीत होता, ताई, माझ्या जिभेवर होता. मी जीभ दातांत धरली. बाईंनी घरात कोण कोण असतं विचारलं. बाबा थांबले. मग सबंध वळले खुर्चीत आणि त्यांनी मला शोधलं. त्यांना मी कोण ते माहीत नाही, पण मदत मागायची ती कुणाकडे एवढं त्यांना कळतं. माझ्याकडे बघत राहिले, भुवया वर करून, जसे विंगेकडे बघायचे. मी खाली बघितलं.

मग ते उठून उभे राहिले. हात जोडले, बाईंना नाही, त्यांच्या मागच्या भिंतीला. म्हणाले, "मंडळी, क्षमा करा. आज प्रयोग होऊ शकत नाही." आणि तिथेच कपडे ओले केले.

बाईंनी तिथल्या तिथे मंजुरी लिहिली. एक तारखेपासून गाडी येईल. ज्याच्यासाठी तू इतके महिने झगडलीस ते एका दुपारी मिळालं, फक्त मी गप्प बसल्यामुळे. आईने जन्मभर जे होऊ दिलं नाही ते मी होऊ दिलं, आणि त्याचंच नाव मदत. तिने हे त्याच मार्चमध्ये केलं असतं तर ती आज असती. मला तिचा राग येतो आणि मग माझाच येतो.

मंजुरीच्या कागदावरही तुझी सही लागेल. खाली डावीकडे. रविवारी बाबांना एक फोन कर. ते तुझी वाट बघतात असं लिहिणार होतो, पण तेही खोटंच होईल.

धाकटा

२२ सप्टेंबर

धाकट्या,

सही केली आहे. सोबत जोडली. गाडीत बसवताना त्यांच्या खिशात रुमाल ठेव, नाहीतर बाहीला नाक पुसतात. त्यांच्या खोलीतली पश्चिमेकडची खिडकी लावून घे, संध्याकाळी उन्हाने घाबरतात. पुढच्या महिन्यात मी येते. पंधरा दिवस तू, पंधरा दिवस मी, असं करू. तुला माफ केलं म्हणून नाही. एकट्याने केलं की काय होतं ते पाहिलं म्हणून.

काल फोन केला होता, तू म्हणालास म्हणून. बाबा छान बोलले. मला "ताई" म्हणाले. "गुडघा कसा आहे?" विचारलं. माझ्या गुडघ्याचं त्यांना कधीच माहीत नव्हतं.

मग मी विचारलं, का विचारलं कोण जाणे, "बाबा, आई कुठेय?" ते थांबले. खूप वेळ थांबले. आणि म्हणाले, "खाली गेलीय. येईल इतक्यात."

ते वाक्य तू दिलंस. बाबांच्या आधी मी ते तुझ्या तोंडून ऐकलं होतं. तुझी कुजबुज ऐकू येते, धाकट्या. आईची कधीच ऐकू यायची नाही.

ताई